मुंबईला नंतर जा, आधी त्यांच्या घरी जा

नात्यात, गल्लीत कुणाच्या लेकराला कॅन्सर निघाला की आपण काय करतो? पिशवीत सफरचंदं भरतो आणि मुंबईची गाडी धरतो. "भेटून यायलाच पाहिजे, नाहीतर लोक काय म्हणतील." आमच्या घरात हे सगळं होऊन दोन वर्षं उलटली, म्हणून आज स्पष्टच लिहिते. कुणाला राग आला तर येऊ दे.

माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, आमचा छोटू. चार वर्षांचा होता. गणपती उठले आणि त्याला ताप भरला तो उतरेचना. पाय दुखतात म्हणून कडेवरून खाली उतरायला तयार नाही, पोटऱ्यांवर निळे डाग. चाळीसगावहून नाशिक, नाशिकहून परळला टाटा, आठवड्याच्या आत. रक्ताचा कॅन्सर, एएलएल म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो हाच, आणि वेळेवर, पुरे उपचार झाले तर बरी होणारी मुलं खूप आहेत. प्रगत देशांत तर दहातली नऊ मुलं बरी होतात. पण तेव्हा हे ऐकायच्या अवस्थेत कोण होतं?

दीर-जाऊ लेकराला घेऊन गेले आणि त्यांची मोठी मुलगी, आमची ताई, तिसरीतली, आमच्याकडे राहिली. मला ती मोठीआई म्हणते. आम्हाला वाटलं, महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे, निभावून नेऊ.

उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिले काही महिने तर मुंबई सोडायचीच नाही, कारण काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, कधी पडतील ते सांगता येत नाही, आणि काउंट पडलेले असताना १०० च्या वर ताप गेला की मध्यरात्र असली तरी इमर्जन्सीला पळायचं. पुढे मेंटेनन्स, म्हणजे उपचारांचा शेवटचा हलका पण लांबलचक टप्पा, सुरू झालं की गावी येता येतं. रोज रात्री एक गोळी, आठवड्यातून एकदा दुसऱ्या गोळ्या, अधूनमधून पाठीतलं इंजेक्शन. तोवर घराच्या दोन चुली. एक मुंबईत आई आणि आजारी लेकराची, दुसरी गावी. आणि बाप मधल्या गाडीत.

औषधोपचाराला महात्मा फुले योजना मिळाली, वरच्या खर्चाला संस्था धावून आल्या. राहायला आधी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, नंतर सेंट ज्यूडच्या केंद्रात मोफत खोली मिळाली. या लोकांचे उपकार फिटायचे नाहीत. पण दुसऱ्या चुलीसाठी कसलीच योजना नाही. रेल्वेचंच बघा. कॅन्सर पेशंटला स्लीपरला तिकीट लागत नाही, सोबतच्या एका माणसाला पाऊण सवलत. चांगलंच आहे. पण दीर कृषी केंद्रातली नोकरी सांभाळून शनिवारी रात्री एकटा जायचा आणि सोमवारी पहाटे एकटा यायचा, त्याला पूर्ण तिकीट. बहिणीला भावाला भेटायला न्यायचं, तिलाही तिकीट. कागदावर कुटुंब म्हणजे पेशंट आणि सोबतचा एक.

आणि आपण नातेवाईक तरी वेगळे काय वागतो? छोटूसाठी रिमोटच्या गाड्या आल्या, ड्रॉइंगच्या वह्या आल्या, बोलणारा पोपट आला. ताईसाठी? "बाळा, आता तू शहाण्यासारखं वागायचं हं, आईबाबांना त्रास द्यायचा नाही." आठ वर्षांच्या पोरीला प्रत्येक माणूस येता-जाता हेच सांगून जातो.

त्या वर्षीच्या दिवाळीत ती मुंबईला जाणार होती. चार दिवस आधी शाळेतून निरोप आला, तिच्या बाकावरच्या मुलीला कांजण्या निघाल्यात. किमो चालू असलेल्या मुलाला कांजण्या जिवावर बेतू शकतात, आणि लागण झाली तर अंगावर उठायला तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे जाणं रद्द. तिने रडारड केली नाही. मागच्या अंगणात किल्ला केला, बुरुजावर मोहरी पेरली, आणि व्हिडिओ कॉल लावून म्हणाली, "छोटू, हा दरवाजा तुझ्यासाठी मोठा ठेवलाय, तुझी गाडी जाईल." छोटू तेव्हा स्टिरॉइडवर. चेहरा पुरीसारखा फुगलेला, रात्री दोनला उठून शेवभाजी मागायचा, नाही म्हटलं की चावायचा. मीठ-तिखट बंद असलेल्या खोलीत शेवभाजी कुठून आणणार? त्याने किल्ल्याकडे ढुंकून पाहिलं नाही, भूक-भूक करत फोन ढकलून दिला. ताई मला म्हणाली, "हा छोटू नाहीये."

नंतर एकदा वेणी घालताना म्हणाली, "मोठीआई, मला पण कॅन्सर झाला असता तर मी आईजवळ राहिले असते ना?"

सासूबाईंनी ऐकलं आणि एक धपाटा घातला. "अभद्र बोलू नकोस!" त्यांचंही बरोबर, नातवासाठी सप्तशृंगीला नवस बोललेली बाई ती. पण मला त्या बोलण्यात अभद्र काही वाटलं नाही. पोरीने हिशेब मांडला होता आणि तो चुकीचा नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर आजारी पडणाऱ्याला आई मिळाली होती.

म्हणून म्हणते, भेटायला जाणं हा शिष्टाचार थोडा बाजूला ठेवा. तुम्ही सर्दी घेऊन जाता, बाहेरचे हात घेऊन जाता. रात्रभर जागलेली आई उठून तुमच्यासाठी चहा ठेवते. मग तुम्ही तिच्यासमोरच विचारता, "डॉक्टर किती टक्के म्हणतात?" आमच्यातल्या एका शहाण्याने सदाफुलीचा रस सांगितला होता. गंमत अशी, की छोटूला सलाईनमधून लागायचं ते व्हिंक्रिस्टिन मुळात सदाफुलीतूनच काढतात. मिलिग्रॅममध्ये मोजून देतात तरी पोरांचे पाय दुखतात, पोट साफ होत नाही. वर तुम्ही घरी पाला वाटून वाटीने पाजा!

त्याहून घातक सल्ला पहिल्या महिन्यानंतर आला. तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, तर लगेच, "बरा झाला ना? मग आणा की घरी, कशाला पोराला छळता." मधेच सोडलं तर आजार उलटतो, आणि उलटलेला आवरणं जास्त कठीण. किती घरं इथेच उपचार सोडतात. पैसा संपतो हे एक कारण. पण गावी दुसरं लेकरू आईविना हिंडतंय, शेती पडून आहे, सासू खाट धरून आहे, म्हणूनही सोडतात. गावाकडची चूल कुणी सांभाळली, तर मुंबईतली किमो पुरी होते. माझं म्हणणं एवढंच आहे.

जाऊबाईंचा डोंबिवलीचा भाऊ फार येत-जात नव्हता, बायका त्याला नावं ठेवायच्या. पण फोन आला की हाफ डे टाकून प्लेटलेट द्यायला हजर. दिलेल्या प्लेटलेट पाचेक दिवसच टिकतात, सुट्ट्यांच्या दिवसांत दाते मिळत नाहीत. त्याचं मोल सफरचंदांच्या पेट्यांना नाही. इथे गावी ताईच्या वर्गशिक्षिका शनिवारी तिला तासभर थांबवून घ्यायच्या, गणितं करून घ्यायच्या, आणि घरचा विषय काढायच्या नाहीत. शेजारचे काका सायकल शिकवायला घेऊन जायचे. कुणी त्यांचे आभार मानले नाहीत, कारण ही मदत आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता छोटू पहिलीत आहे, केस आलेत, शेवटच्या गोळ्या काही महिन्यांवर आहेत. आता नवीनच भांडण. टीव्हीचा रिमोट त्याचा, खिडकीची जागा त्याची, पहिली पोळी त्याची. "दे गं, आजारी आहे तो." मी देऊ देत नाही. घरात माझ्यावर यावरून बोलणी बसतात, बसू देत. दोन वर्षं लाडावलेलं पोर उद्या बरं होऊन याच घरात राहणार आहे.

पुढच्या महिन्यात पाठीतल्या इंजेक्शनची तारीख आणि ताईची स्कॉलरशिपची परीक्षा एकाच आठवड्यात आलीय. या वेळी मुंबईला दीर एकटाच लेकराला घेऊन जाणार, जाऊबाई इथे थांबणार. सासूबाई दोन दिवस घुश्शात आहेत, आईशिवाय पोर सुई कशी टोचून घेईल म्हणून. घेईल. बापाचा हात धरून घेईल. परीक्षेच्या दिवशी डबा कोण भरणार, यावर मात्र मी आणि जाऊबाई अजून भांडतोय.