आरव, आरव

मी मालवणचा आहे, ही गोष्ट वेल्समध्ये मी कोणाला सांगायलाच नको होती. आमच्याकडे मासे धरायला रापण हे मोठे जाळे कसे ओढतात, पाग हे हातजाळे कसे फेकतात आणि खडकावर बसून गरी कशी लावतात, याचे वर्णन मी एका संध्याकाळी शेजारच्या निवृत्त शाळामास्तरांसमोर इतक्या अधिकारवाणीने केले की, या सर्व प्रसंगी मी स्वतः हातात पिशवी धरून गिऱ्हाईक म्हणून उभा होतो, हा एक किरकोळ तपशील सांगायचा राहून गेला. मास्तर 74 वर्षांचे असून त्यांतली बहुतेक वर्षे त्यांनी डी नदीत कमरेइतक्या पाण्यात काढली आहेत. त्यांनी माझे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आठला तयार राहायला सांगितले.

तयारीतच निम्मा जीव गेला. इथे 13 वर्षे आणि त्यावरील कोणालाही नदीत गळ टाकायचा तर सरकारी परवाना लागतो, त्यावर नदीचा तो पट्टा ज्या क्लबकडे असेल त्या क्लबचे दिवसाचे तिकीट लागते, आणि हे सर्व खिशात असले तरी कोणता मासा केव्हा पकडायचा हे पंचांगासारखे ठरलेले असते. वेल्सच्या नद्यांत ट्राउटचा हंगाम 3 मार्चला सुरू होतो आणि 30 सप्टेंबरला संपतो. ग्रेलिंगचा 16 जूनपासून 14 मार्चपर्यंत चालतो. म्हणजे ऑक्टोबरात ट्राउट नदीत असतो, परंतु कायद्याने नसतो. आम्ही निघालो होतो ते ग्रेलिंगसाठी, आणि आमच्या तिकिटावर पकडलेला प्रत्येक ग्रेलिंग जिवंत परत सोडावा असे ठळक अक्षरांत छापलेले होते. हे वाक्य मी तीनदा वाचले. माझ्या घराण्यात मासा परत सोडल्याची नोंद नाही.

ग्रेलिंग दिसायला मोठा देखणा असतो. त्याच्या पाठीवरचा पर इतका उंच आणि झुळझुळीत असतो की त्याला इकडचे लोक ‘प्रवाहाची बाईसाहेब’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘थायमॅलस’ हा शब्द थाइम या वनस्पतीवरून आलेला आहे, कारण ताज्या पकडलेल्या ग्रेलिंगला थाइमचा वास येतो असे म्हणतात. थाइमचा तो वास ज्या थायमॉलमुळे येतो, तेच थायमॉल आपल्या ओव्यातही असते. याचा अर्थ, परमेश्वराने हा मासा ओवा लावूनच पाण्यात सोडला आहे, आता फक्त रवा लावून तव्यावर टाकायचा बाकी आहे. आणि नेमका हाच मासा परत सोडायचा. मी हा विचार गाडीत मास्तरांना बोलून दाखवला. त्यांनी आरशात पाहून वळण घेतले.

नदीकाठी पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे दोऱ्याच्या टोकाला माशी बांधणे. ही माशी खरी नसते, पिसे आणि रेशीम गुंडाळून आकड्यावर बनवलेली असते. मास्तरांच्या डबीत अशा शेकडो होत्या. त्यांतली मोरपिसाच्या तंतूंनी गुंडाळलेली एक खास वेल्श माशी मी आपलेपणाने उचलली, तेव्हा ती जूनमधल्या भुंगेऱ्याची नक्कल असल्याचे सांगून त्यांनी ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि तितराचे पीस व नारिंगी रेशीम असलेली दुसरी दिली. ती तांदळाच्या दाण्याएवढी होती. तिच्या आकड्याला जे भोक असते, ते मला चष्मा लावून दिसेना, चष्मा काढून दिसेना, आणि गारठलेल्या बोटांतला दोरा केसाहून बारीक असल्यामुळे तो आहे की सुटला हेही कळेना. लहानपणी आजीला सुईत दोरा ओवून देताना मी तिला हसत असे, त्याची भरपाई त्या सकाळी व्याजासकट झाली. अखेर दोरा गेला. मग पाच वेढे द्यायचे, टोक उलटे घालायचे आणि आवळण्यापूर्वी गाठ जिभेने ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाने दोरा कमजोर होतो. अशा रीतीने उष्टी गाठ आणि उपाशी मी, दोघेही पाण्यात उतरलो.

छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून गोल, शेवाळलेल्या गोट्यांवरून चालणे ही स्वतंत्र विद्या आहे. चौथ्या पावलाला माझा पाय गेला आणि तोंडातून ‘देवा!’ निघाले. मास्तर चकित होऊन वळले. रोमन लोकांनी चेस्टरला आपली छावणी वसवली, तिचे नाव ‘देवा’ होते आणि ते या नदीवरूनच आलेले होते. त्या प्राचीन शब्दाचा अर्थही देवी असाच सांगतात आणि तो आपल्या ‘देव’ शब्दाचा दूरचा नातलग आहे. पाण्यात उतरताना नदीला तिच्या मूळ नावाने हाक मारणारा पाहुणा आपल्याला प्रथमच भेटला, असे ते भारावून म्हणाले. डाव्या गुडघ्यातून विजारीत शिरणारे पाणी लपवून मी नम्रपणे मान डोलावली.

आता प्रत्यक्ष फेक. या खेळात माशीला वजनच नसते, म्हणून फेकायचा असतो तो तिच्यामागचा जाड दोर. नऊ फुटी काठी घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्ये पुढेमागे हलवायची, दोर पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे ढकलायचे. सगळी मेख त्या थांबण्यात आहे. मला थांबवेना. दोर पाठीमागे उलगडण्याच्या आतच मी काठी पुढे ओढी, चाबकासारखा फटाका वाजे आणि टोकाची माशी तुटून जाई. मास्तर प्रत्येक वेळी काठावरून म्हणत, ‘आरव, आरव.’ हा वेल्श शब्द इथल्या प्रत्येक वळणापूर्वी रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत रंगवलेला असतो आणि त्याचा अर्थ ‘हळू’ असा आहे. आमच्या पुण्याच्या भाचरांत तीन आरव आहेत आणि त्यांतला एकही हळू नाही, हे मी त्यांना समजावणार होतो, परंतु तेवढ्यात माझी माशी मागच्या आल्डरच्या झाडाला लागली.

त्या झाडाविषयी मी फार बोलणार नाही. दुपारपर्यंत त्यावर माझ्या सात माश्या झाल्या होत्या आणि वाऱ्यावर ते सणासुदीला सजवल्यासारखे दिसत होते. मराठीत रिकामटेकड्या माणसाला ‘माशा मारत बसलाय’ असे म्हणतात. त्या दिवशी मी दर पाच मिनिटांनी एक मारत होतो. आठवी सोडवण्यासाठी मी एका पायावर उभा राहून फांदी वाकवत असतानाच पलीकडच्या रुळांवरून लँगोलेन ते कॉरवेन धावणारी हौशी लोकांची वाफेची गाडी आली. खिडक्या-खिडक्यांतून मुलांनी हात हलवले. माझा एक हात फांदीवर होता आणि दुसरा काठीवर, त्यामुळे मी मान हलवली, आणि त्या हिसक्याने फांदी सुटून पाण्याचा फवारा तोंडावर आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या वेळी मास्तरांनी समोरची टेकडी दाखवून ओवेन ग्लिनडूरची गोष्ट सांगितली. 16 सप्टेंबर 1400 रोजी त्याने याच खोऱ्यात स्वतःला वेल्सचा राजपुत्र म्हणून घोषित केले आणि पुढे कित्येक वर्षे डोंगरदऱ्यांच्या आधाराने इंग्रजांना हैराण केले. ही सर्व हकीकत मला अगदी घरची वाटली. तो इंग्रजांच्या हाती शेवटपर्यंत लागला नाही, असे मास्तर अभिमानाने म्हणाले, तेव्हा त्याच्या नदीतल्या माशांनी हा वारसा किती निष्ठेने चालवला आहे याची मी त्यांना आठवण करून दिली.

कारण मासे होते. दुपारी थोडे ऊन पडले, पाण्यावर बारीक किडे तरंगू लागले आणि माझ्यापासून दहा हातांवर गोल गोल वलये उठू लागली. एक ग्रेलिंग तळातून सरळ वर आला, माझ्या माशीला नाक लावले, पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहून किंमत वाचणाऱ्या माणसासारखा क्षणभर थांबला आणि परत खाली गेला. मास्तरांच्या मते दोर प्रवाहात ताणला जाऊन माशी ओढली जात होती आणि खरा किडा असा धावत नाही. त्यांनी स्वतः त्याच जागी एकदा हळूच फेक केली आणि बाईसाहेबांना जाळीत घेतले. तो उंच पर उन्हात जांभळट तांबडा चमकला. मी पुढे वाकून वास घेतला. ओव्याचा आला की नाही, ते सांगता येत नाही, कारण माझ्या नाकात तेव्हा नदी होती.

चारच्या सुमाराला माझे खांदे इतके दुखू लागले की घाई करण्याचीही शक्ती उरली नाही. मी काठी मागे नेली आणि निव्वळ दमल्यामुळे थांबलो. दोर मागे सरळ झाला, पुढे गेला आणि माशी पाण्यावर अलगद पडली. वलय उठले आणि काठी वाकली! मी ओरडलो, मालवणीत ओरडलो, आणि मास्तर या वयात पाण्यातून जितके पळता येते तितके पळत आले. जाळीत पिवळसर अंगावर तांबडे ठिपके असलेला नऊ इंची मासा होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात ‘ब्रिथिल’ म्हणाले. ब्रिथिल म्हणजे ट्राउट. त्याचा हंगाम 30 सप्टेंबरला संपला होता. त्याला पाण्याबाहेर न काढता आकडा सोडवावा लागला, फोटो काढणे शोभले नसते आणि क्लबच्या वहीत मास्तरांनी माझ्या नावापुढे स्वच्छ हस्ताक्षरात शून्य लिहिले.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला.

‘गावलो काय?’

‘एक गावलो.’

‘केवढो?’

मी दोन्ही हात पसरून दाखवले. हात जरा सैल धरले होते, हे मान्य करतो. आईने चष्मा वर करून पडद्याकडे पाहिले आणि मुडदुशी या छोट्या माशाएवढा असणार असा निर्णय दिला.

‘मगे तेचा काय केलंस?’

‘सोडलंय.’

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला.

‘बरा केलंस,’ आई म्हणाली. ‘तेवढ्यान कोणाचा पोट भरतला?’