आमचं टेबल पळत नाही

नमस्कार सर,

दुकानातल्या गेल्या रविवारच्या रेकॉर्ड ऐकण्याच्या बैठकीबद्दल तुम्ही रिव्ह्यूमध्ये एक तारा देऊन जे लिहिलंत ते वाचलं. उशीर झाला त्याबद्दल माफी मागतो. वेळ पाचची दिली होती आणि पहिली सुई टेकली तेव्हा पाच पंचवीस झाले होते. मांडववाल्याकडून खुर्च्या उशिरा आल्या, पण ते आम्ही बघायचं, तुम्ही का सोसायचं? चहा गार होता हेही खरं.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, "दुसऱ्यांची टर्नटेबलं दुरुस्त करणाऱ्याचं स्वतःचंच टेबल पळतंय. 'सो व्हॉट' चक्क चढं वाजत होतं. ॲपवर दाखवलं तरी मालक ऐकेनात. यांच्याकडे मशीन टाकू नका." टेबल पळतंय म्हणजे ठरल्यापेक्षा जोरात फिरतंय, म्हणून स्वर चढतोय, असा तुमचा आरोप. यावर मला गप्प बसवत नाही. वडिलांनी याच गाळ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, मी टर्नटेबलांकडे वळलो. जुन्या रेकॉर्ड विकून फार काही सुटत नाही, आणि 'सध्या काय ऐकताय ते घेऊन या' ही रविवारची बैठक तर निव्वळ हौस. घर चालतं ते दुरुस्तीवर. बुधवारी एक गृहस्थ बेल्ट बदलायला टाकलेलं मशीन तसंच परत घेऊन गेले. कारण सांगितलं नाही, पण फोनवर तुमचा रिव्ह्यू उघडा होता.

आधी कबूल करतो की तुमचा कान बरोबर होता. माईल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ रेकॉर्डमधलं 'सो व्हॉट' त्या दिवशी चढंच वाजलं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्या चिजेचा सा पेटीची पांढरी दोन, स्वर काफीचे, मधे आठ मात्रांच्या नव्हे, आठ बारच्या (एक बार चार मात्रांचा) तुकड्यापुरतं सगळं उचलून काळी दोनवर जातं आणि परत खाली येतं. तुमचं स्वर दाखवणारं ॲप पांढरी दोनही दाखवेना आणि काळी दोनही दाखवेना, मधेच कुठेतरी काटा लटकत होता. बरोबर ना? तो तसाच लटकणार.

कारण 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू न्यूयॉर्कमध्ये 30व्या रस्त्यावरच्या कोलंबिया रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत (आधी ते चर्च होतं) 2 मार्च 1959 ला ध्वनिमुद्रित झाली, आणि त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं नेहमीच्या वेगाने वाजवलं की चढतं. 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' या तिन्ही चिजा त्यामुळे श्रुतीभर चढ्या झाल्या आणि तशाच छापल्या गेल्या. त्याच दिवशी शेजारी दुसरं टेप मशीन राखीव म्हणून चालू होतं, त्याचा वेग बरोबर होता. पण ती टेप वापरून दुरुस्त आवृत्ती निघायला 1992 उजाडलं. म्हणजे 33 वर्षं. (आमच्या धंद्यातलाच आकडा, अशी रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेते.) तेवढ्या काळात जगभर किती पोरांनी या रेकॉर्डबरोबर वाजवायचा रियाज केला असेल आणि आपलंच वाद्य उतरलंय म्हणून खुंट्या पिळल्या असतील!

रविवारी लागलेली प्रत कोलंबियाच्या लाल लेबलची, सत्तरच्या दशकातली. एक निवृत्त काका ती पिशवीतून, वर टॉवेल गुंडाळून घेऊन आले होते. तुमच्या फोनमध्ये आहे ती दुरुस्त आवृत्ती. दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक येणारच. यात माझ्या टेबलाचा काय दोष?

हे मी तेव्हाच का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. मी 'नंतर सांगतो' म्हणालो होतो. समोर बारा माणसं डोळे मिटून पॉल चेंबर्सचा बास ऐकत असताना मी टेपचा इतिहास काढून बसायचं का? पहिली बाजू संपल्यावर तुम्हाला शोधलं, तर तुम्ही फोनवर बोलत बाहेर रस्त्यावर. दुसरी बाजू लागली तेव्हाही तुम्ही बाहेरच होतात. आणि सर, मला लागलं ते हेच. दुसऱ्या बाजूचं ध्वनिमुद्रण 22 एप्रिलचं, तेव्हा वेग बरोबर होता. 'ऑल ब्लूज' त्याच टेबलावर, त्याच बेल्टवर, त्याच संध्याकाळी चोख स्वरात वाजलं. टेबल पळत असतं तर ते नसतं का चढलं? पाच मिनिटं आत आला असतात तर तुमच्याच ॲपने तुम्हाला सांगितलं असतं.

मशीन अमेरिकेतून आणलेलं असेल म्हणून वेग चुकत असेल, असाही तर्क तुम्ही दिलाय. तिकडची वीज सेकंदाला 60 सायकलची, आपली 50 ची. तिकडची सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या सायकलवर वेग ठरणारी, पुली न बदलता इकडे लावली तर हळू फिरते, 33⅓ चे फेरे 28 च्याही खाली येतात. माईल्स चढा नाही, झोपाळलेला वाजेल. आणि हे मशीन तसलं नाहीच.

तरी सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम तेच केलं. 180 रेघांची स्ट्रोब तबकडी थाळीवर ठेवली, वर निऑनचा छोटा दिवा धरला. वेग बरोबर असला की त्या रेघा थिजल्यासारख्या जागच्या जागी दिसतात, चुकला की मुंग्यांसारख्या चालायला लागतात. थिजलेल्या होत्या. तेवढ्यावर न थांबता थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, बायकोला घड्याळ धरायला सांगितलं आणि फेरे मोजले. तीन मिनिटांत शंभर. तिने विचारलं, "आता झालं ना समाधान?" नाही झालं, म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट लिहू नये असं ठरवलं होतं, पण तुम्ही 'मालक सर्वांसमोर ओरडले' असं लिहिलंत म्हणून लिहितो. मी ओरडलो कारण तुम्ही फिरत्या थाळीच्या कडेला बोट टेकवून वेग 'बरोबर' करायला गेलात. बोट सरकलं, टोनआर्मला (सुईच्या दांड्याला) धक्का बसला आणि सुई 'फ्रीलोडर'च्या मधोमध, विंटन केलीच्या पियानोवरून आडवी गेली. काकांच्या रेकॉर्डवर आता तिथे दर फेऱ्याला एक 'टक्' आहे. काका काही बोलले नाहीत, नुसता टॉवेल गुंडाळला. त्यांना दुसरी प्रत शोधून द्यायचं मी कबूल केलंय. तुमच्याकडे पैसे मागितले नाहीत, मागणारही नाही. आवाज चढला तो मात्र माझाच, त्यासाठी सॉरी.

'नुसतं बसून लोकांच्या रेकॉर्ड ऐकायला 250 रुपये' याबद्दल: त्यात पोहे आणि चहा असतो, सुया झिजतात, खुर्च्यांचं भाडं जातं. तुम्ही आणलेल्या 'टाइम आउट' या जॅझ रेकॉर्डची अख्खी बाजू वाजली, 'टेक फाइव्ह'सकट, आणि सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मागच्या महिन्यात एक ताई एला फिट्झजेराल्डची बर्लिनची 1960 ची मैफल घेऊन आल्या होत्या. त्यात बाई 'मॅक द नाइफ'चे शब्दच विसरतात आणि जागच्या जागी नवे रचून गात सुटतात. अख्खी खोली हसत होती. अशी संध्याकाळ 250 ला महाग वाटत असेल तर मी काय बोलणार? पण ज्यांना पोहे नकोत त्यांच्यासाठी काहीतरी कमी दर ठेवता येईल का, ते बघतो. खुर्च्यांचंही बघतो. टेबलाभोवती दोरी लावायचा विचार आहे.

तुम्ही पुन्हा यावं असं वाटतं. कधीही ॲप घेऊन या, 'ऑल ब्लूज' लावतो, पैसे नकोत. तारे वाढवा असं मी म्हणत नाही. 'पळतंय' तेवढं काढलंत तर बरं होईल, कारण गिऱ्हाईक बाकी काही वाचत नाही, तेवढंच वाचतं.

आपला,
दुकानाचा मालक