मागच्या सीटवर कोण बसणार, ते आधी ठरवा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते.

आमचं नवीन गाडी घ्यायचं चाललंय. धंद्याला आणि घराला मिळून एकच घ्यायची, ऐसपैस हवी, आरामाची हवी, आणि तेल पिणारी नको. सकाळी शोरूमला गेलो. मी, हे आणि आई (सासूबाई). द्राक्षाच्या निर्यातीचं काम मी बघते, पॅकहाउस (जिथं द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात) मी चालवते, गाडीचा हप्ता माझ्या खात्यातून जाणार. आणि तो विक्रीवाला मुलगा अख्खा वेळ फक्त यांच्याशी बोलत होता. सनरूफ केवढं, स्क्रीन किती इंची, स्पीकर किती. मी विचारलं, "शेवटच्या सीटवर मोठं माणूस नीट बसतं का?" तर म्हणाला, "मॅडम, मागं काय, लेडीज आणि मुलंच बसतात ना."

माझ्या तोंडावर. आईंच्या तोंडावर.

त्यावर कडी म्हणजे संध्याकाळी घरच्या ग्रुपवर आमच्या चुलत दिरांचा मेसेज: "वहिनी, इनोव्हा काय घेताय? ती टुरिस्टची गाडी. आता तुमच्या दारात फॉर्च्युनर शोभते." खाली पाच-सहा जणांचे अंगठे. अंगठे देणारे सगळे पुरुष, आणि सगळे पुढच्या नाहीतर मधल्या सीटवर बसणारे.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार आहात, म्हणून तुमच्याच फॉर्च्युनरची गोष्ट सांगते. गेल्या वर्षी तुळजापूरला गेलो होतो आपण सगळे. निघताना नेहमीचंच झालं. कोण कुठं बसणार यावर कुणी काही बोलायच्या आतच आई म्हणाल्या, "मी बसते मागं, मला काही होत नाही." आणि पदर खोचून चढल्या. त्यांच्या शेजारी मी. त्या गाडीची तिसरी सीट कशी आहे ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही तिथं कधी बसलेलाच नाहीत. खालचा पत्रा वर आलेला, सीट खाली गेलेली, गुडघे छातीशी. मांडी आडवी टेकतच नाही, सगळा भार कमरेवर. करमाळ्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मधली सीट दुमडून आई उतरायला लागल्या. तोंड आत, पाठ बाहेर, एक हात वरच्या कडीला, आणि पाय फूटबोर्ड शोधतोय. सापडेना. मी खालून त्यांची टाच धरून फूटबोर्डवर ठेवली. उतरल्यावर दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या, गुडघे सरळ होईनात. "मुंग्या आल्यात जरा," एवढंच म्हणाल्या. तुम्ही सगळे तोवर टपरीवर पोचला होतात.

त्या दिवसापासून माझं ठरलंय. गाडी निवडायची तर शेवटच्या रांगेपासून निवडायची. स्टेअरिंगपासून नाही.

आपल्याकडं गाडी पसंत करतो एक, चालवतो एक, आणि मागं चेपून बसतात तिसऱ्याच. घराघरात हेच आहे. तुमच्या घरात वेगळं असेल तर खुशाल सांगा, पण आधी घरातल्या बायकांना विचारून मग सांगा.

आता "टुरिस्टची गाडी" याबद्दल. हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो. 2000 साली क्वालिस आली, 2005 मध्ये तिच्या जागी इनोव्हा, 2016 ला क्रिस्टा, आणि 2022 च्या शेवटी हायक्रॉस दाखवली, आम्ही बघतोय ती हीच. या सगळ्या काळात ज्यांचं पोट गाडीवर आहे, ज्यांची एक दिवस गाडी उभी राहिली तर घरात चूल पेटत नाही, त्या ड्रायव्हर लोकांनी पुन्हा पुन्हा हीच गाडी घेतली. मागं सहा-सात माणसं, टपावर सामान, शिर्डी-शनिशिंगणापूर-त्र्यंबक रोजचं. त्यांच्या निवडीला आपण नाक मुरडतो? ज्याचा धंदा त्या गाडीवर उभा आहे त्याला गाडीतलं जास्त कळतं की रविवारी मिसळ खायला गाडी काढणाऱ्याला?

बरं, फॉर्च्युनर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. दणकट आहे, हायलक्स पिकअपच्याच सांगाड्यावर बांधलेली आहे, चिखलातून, ओढ्यातून निघते, विकायला काढली तर किंमत येते. हे सगळं मान्य. पण त्या सांगाड्यामुळंच तिचा तळ उंच, आणि तळ उंच म्हणूनच मागं गुडघे छातीला. आणि मला ओढा ओलांडायचा नाहीये. मला आईंना तुळजापूरला न्यायचंय.

आणि खरं सांगू का, ती गाडी आपल्या भागात आता गाडी राहिलीच नाहीये. पुढाऱ्याच्या मागं चार पांढऱ्या फॉर्च्युनर, प्लॉटिंगवाल्याची एक, आणि मुलाच्या लग्नात मुलीच्या बापाकडं मागायची एक. हुंड्यात गाडीचं मॉडेल सांगणारी माणसं आपल्याच पाहुण्यारावळ्यांत आहेत, आपण त्यांच्या पंगतीला जेवतो. दारात काय "शोभतं" हे ज्या तराजूत मोजलं जातं, तो तराजूच मला नको आहे.

असो. तेलावर येते, कारण त्यावरही ऐकून घेतलंय. मायलेज विचारलं की लोक असं बघतात जणू आपण उधार मागितलं. एवढी मोठी गाडी घेणाऱ्यानं मायलेज विचारायचं नसतं म्हणे. का नसतं? द्राक्षाच्या धंद्यात पेटीमागं एक-एक रुपयावर भांडावं लागतं. पनेट (द्राक्षाचे छोटे डबे), लायनर (पेटीतलं अस्तर), प्री-कूलिंग (माल आधी गार करणं), कंटेनर, सगळ्याचा हिशोब, आणि गाडीत मात्र डोळे मिटून ओतायचं?

साधं गणित घ्या. वर्षाला 20 हजार किलोमीटर धरा. मोठी डिझेल एसयूव्ही लिटरला 10 देते असं धरलं तर 2,000 लिटर. हायक्रॉसची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी), कंपनी सांगते लिटरला 23.24, तो आकडा मी बाजूला ठेवते, ओळखीतले वापरणारे 16-17 सांगतात. 16 नं धरा, 1,250 लिटर. पेट्रोल शंभरीच्या वर आणि डिझेल नव्वदीच्या आसपास धरलं तरी वर्षाला 50 हजार वाचतात. आमच्याकडं सीझनला गाडी याच्या दुप्पट पळते. शिवाय गाडीची मूळ किंमतही फॉर्च्युनरपेक्षा काही लाखांनी कमी. तो पैसा काय करायचा ते मला बरोबर माहीत आहे.

हायब्रिड म्हणजे प्लग लावायची गाडी नाही, हे दहा जणांना समजावून झालं, अकराव्यांदा इथं लिहिते. तिच्यात 2 लिटरचं पेट्रोल इंजिन आहे आणि सोबत बॅटरी, मोटर. सिग्नलला उभी राहिली की इंजिन बंद. हळू चालताना शक्य तितकी बॅटरीवर चालते. ब्रेक दाबला की एरवी उष्णतेत वाया जाणारा जोर परत बॅटरीत जातो. त्यामुळं जिथं इतर गाड्या जास्त पितात तिथंच ही कमी पिते. आमचं अर्धं आयुष्य नाशिकच्या द्वारका चौकात जातं. बागेतून पॅकहाउस, पॅकहाउसमधून बँक, बँकेतून लॅब, रेसिड्यूचे (द्राक्षात औषधाचा अंश किती उरला त्याचे) रिपोर्ट आणायचे, आणि प्रत्येक वेळी द्वारकेला मुंगीच्या पावलानं सरकायचं. तिथं डिझेल गाडी नुसती धूर काढत उभी असते. वरून बीएस 6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर आला, शहरात छोट्या-छोट्या फेऱ्या मारल्या की तो तुंबतो, मग दिवा लागतो, मग हायवेला उगाच पळवून आणा. नाशिकमधल्या नाशिकमध्ये फिरणाऱ्याला हा ताप कशाला?

समृद्धीवर एकसारखं 120 नं पळवलं तर हायब्रिडचा फायदा कमी होतो, हे खरं आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं मायलेज थोडं पडतं, तेही खरं. पण कसारा घाट उतरताना बॅटरीची पट्टी वर चढताना मी स्वतः पाहिलीय, आमच्या एका माल घेणाऱ्याच्या गाडीत. घाटात इतकी वर्षं ब्रेक तापवत उतरलोय आपण सगळे.

इलेक्ट्रिक का नाही, हे पण विचाराल. सात माणसांच्या चांगल्या इलेक्ट्रिक गाड्या येताहेत, त्यांच्यावर जीएसटी फक्त 5 टक्के आहे. शहरात बंगला असता, दारात चार्जर असता तर घेतलीही असती. पण फेब्रुवारीत रात्री कंटेनर भरून होतो आणि पहाटे न्हावा शेवा बंदरातून फोन येतो, तेव्हा गाडी चार्ज आहे का हे बघत बसायची माझी तयारी नाही. शेतावरची लाइट कशी असते ते सांगायला नको.

आता ज्या गोष्टीनं मला खरा संताप येतो ती. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी स्ट्राँग हायब्रिडवर जीएसटी आणि सेस (वरचा जादा कर) मिळून 43 टक्के होता आणि मोठ्या एसयूव्हीवर 50. आता दोन्हीवर सरसकट 40. म्हणजे किंमत सगळ्यांचीच उतरली, छान झालं, पण कमी तेल पिणाऱ्या गाडीला जी सात टक्क्यांची सवलत होती ती गेली. उत्तर प्रदेशानं 2024 मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. आपल्या महाराष्ट्राला का नाही सुचत? तेल बाहेरून आणतो म्हणून रडायचं आणि तेल वाचवणाऱ्याला एक रुपया सोडायचा नाही. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर इथं रोड टॅक्स 20 टक्के, म्हणून स्वतःच्या नावावर घ्यायची. धंद्यासाठी घेतली तरी जीएसटीचं क्रेडिट (भरलेला कर वळता करून घेणं) नाही, कारण ड्रायव्हर धरून 13 पर्यंत सीटांच्या प्रवासी गाडीला ते बंदच आहे, ड्रायव्हिंग स्कूल, टॅक्सीवाले असे सोडून. आमच्या सीएंनी शांतपणे समजावलं, घसारा (गाडी जुनी होते त्याची आयकरातली वजावट) तेवढा 15 टक्के मिळेल. त्यांच्यावर काय चिडणार.

लिहिता लिहिता परत तुळजापूरच डोक्यात येतंय. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "आई, तुम्ही पुढं बसा." त्या म्हणाल्या, "नको गं, त्याला पाय लांब करायला लागतात." त्याला म्हणजे कुणाला, ते लिहीत नाही. आयुष्यभर ज्या बाईनं बागेत वाकून थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) केलं, डिपिंग (घड औषधात बुडवणं) केलं, जिच्या गुडघ्यांवर ही सगळी बाग उभी राहिली, तिला वाटतं की पाय लांब करायचा हक्क दुसऱ्या कुणाचा तरी आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला तसं वाटू दिलं. मला रडू आलं होतं तेव्हा. आत्ताही येतंय.

म्हणून आज शोरूममध्ये त्या मुलाला बाजूला केलं आणि आईंना हायक्रॉसमध्ये बसवलं. तळ खाली आहे, साडी सावरत एका पावलात आत. मधल्या दोन सीटा सुट्या, मधून वाट. आधी शेवटच्या रांगेत मीच जाऊन बसले, साडेपाच फुटांची बाई, आणि मांडी टेकली. मग मधल्या सीटचा पाय टेकवायचा ऑटोमन बाहेर काढला. कंपनी तो साहेब लोकांसाठी विकते, मागं बसून लॅपटॉप उघडणाऱ्यांसाठी. आईंनी त्यावर दोन्ही पाय ठेवले, चपला आधी काढून. पोटऱ्या टेकल्या. डोळे मिटून घेतले त्यांनी. "एवढं कशाला," म्हणाल्या, पण पाय काढले नाहीत. हे बाजूला उभे होते, त्यांनी ते पाहिलं, आणि तिथून पुढं सनरूफचं नाव काढलं नाही. यांचं मला तेवढ्यासाठी फार कौतुक वाटलं.

हॉलंडचा खरेदीदार बाग बघायला येतो तेव्हा तोही त्याच सीटवर बसेल. सॅम्पलच्या पेट्या मागची रांग पाडून जातील. आणि रविवारी नणंदेची पोरं आली की सात जण बसतील, एकही जण चेपून नाही. कार्निव्हलही पाहिली, सरकते दरवाजे फार सुरेख, पण 60 लाखांच्या आसपास आणि पाच मीटरपेक्षा लांब, आमच्या बागेच्या रस्त्याला वळायची नाही. वेलफायर कोटीच्या घरात, तो विषयच नको.

भाऊजी, राग मानू नका. तुमची गाडी तुम्हाला लखलाभ. पण पुढच्या वेळी कुठं निघालो तर चावी तुम्ही यांच्याकडं द्या आणि तासभर मागं बसून बघा.

आता कामाचं. सीझन सुरू व्हायच्या आत बुकिंग करायचंय. ज्यांची हायब्रिड हायक्रॉस 50-60 हजार किलोमीटर पळालीय त्यांनी तीन गोष्टी सांगा: सर्व्हिसिंगला वर्षाचा खर्च किती येतो, शेवटच्या रांगेत एसी मे महिन्यात पुरतो का, आणि बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी आहे म्हणतात ती कुणाला प्रत्यक्ष मागायची वेळ आली का. मारुतीची इनव्हिक्टो तीच गाडी आहे, थोडी स्वस्त पडते, पण ऑटोमन नाही असं कळलं, कुणी घेतली असेल तर तेही लिहा. "फॉर्च्युनर घ्या" असं कुणी लिहिलं तर डिलीट करेन.