उत्तर खोडायला सांगू नका

आज लंबकाच्या आंदोलनांवरून गुरुत्वत्वरण, म्हणजे 'जी', काढायच्या प्रॅक्टिकलला शेजारच्या टेबलावर एक सहकारी एका मुलीला म्हणाले, "९.३ कसं येईल? खोड ते, ९.८ लिही आणि पुढचा प्रयोग घे." तिनं खोडलं. वहीवर सही झाली. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही माझं.

अहो, ९.८ पुस्तकात छापलेलंच आहे! ते उतरवून घ्यायला लंबक कशाला टांगायचा?

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याचं 'जी'चं उत्तर १०.९ आलं होतं. एक मीटर लांबी, २० आंदोलनं, स्टॉपवॉच, सगळं मॅन्युअलप्रमाणे. बाकीच्यांचं ९.८ च्या आसपास, आणि त्यातली कितीतरी रीडिंग जमवलेली होती, हे आपल्यापैकी प्रत्येक शिक्षकाला कळतं. हा मात्र खोडायला तयार नव्हता. "मॅडम, पण माझं असं का आलं?" म्हटलं, शोध. मला कारणाचा अंदाज आला होता, तरी मी तोंड उघडलं नाही.

त्यानं आधी लांबीवर संशय घेतला. गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती की वरच्या टोकापर्यंत? मग वेगवेगळ्या लांब्या घेऊन लांबी आणि आवर्तकाळाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग यांचा आलेख काढला. रेषा सरळ मूळबिंदूतून गेली. लांबीत ठरावीक चूक असती तर ती तिथून गेली नसती. म्हणजे घोळ वेळेत! हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो चेहरा मी विसरणार नाही.

विज्ञानाच्या वर्गात आम्हाला अजून काय हवं असतं? सर्जनशील विचारांवर कार्यशाळा घ्यायच्या, बॅनर लावायचे आणि दुसऱ्या दिवशी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पाठ केलेली व्याख्या विचारायची, याचा मला मनापासून संताप येतो. मुलांना विचार करता येत नाही म्हणता? त्यांनी तो केला की पहिला खोडरबर आपणच पुढे करतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅलींनी नायट्रोजनची घनता मोजली तेव्हा हवेतून काढलेला वायू रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या वायूपेक्षा जड निघाला. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. आमच्या वहीत तो 'प्रायोगिक त्रुटी' म्हणून गाडला गेला असता. ते मागे लागले, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेही लागले आणि १८९४ मध्ये त्या हवेतल्या नायट्रोजनमध्ये मिसळलेला, तोवर अज्ञात असलेला जड वायू आरगॉन सापडला. १९०४ साली दोघांना नोबेल मिळालं, एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनशास्त्राचं.

मान्य आहे, बॅच मोठी असते, अभ्यासक्रम संपवायचा असतो, परीक्षेत १०.९ ला गुण मिळत नाहीत. माझ्या त्या मुलाचेही बाकीचे प्रयोग मागे पडले होते.

पण पुढे काय झालं ते ऐका. त्यानं २० ऐवजी १० आंदोलनं घेतली. उत्तर १२.१. मग ५० घेतली. १०.२. आंदोलनं वाढवली की उत्तर सुधारतंय! पृथ्वीचं गुरुत्व काही आपण किती मोजतो यावर बदलत नाही. बराच वेळ तो नुसता लंबकाकडे बघत बसला आणि एकदम ओरडला, "मॅडम, मी घड्याळ सुरू करताना 'एक' म्हणतोय!" शून्याऐवजी एक. २० म्हणून तो १९ च आंदोलनं मोजत होता, त्यामुळे एका आंदोलनाचा वेळ कमी आणि 'जी' जास्त येत होता.

ही चूक मी अर्ध्या मिनिटात सांगू शकले असते. तो ती दुरुस्त करून विसरूनही गेला असता.

आज खोडणाऱ्या त्या मुलीवर माझा राग नाही. सहकाऱ्यांवरही आता तेवढा उरलेला नाही. तेही असेच शिकले आहेत. कदाचित तिची लांबी चुकली असेल, कदाचित आणखी काही. आता कळायला मार्ग नाही, आकडाच गेला.

शिक्षक मित्रांनो, एवढं करून बघा. टर्ममध्ये एक तरी प्रयोग असा ठेवा की कृती लिहून द्यायची नाही, अपेक्षित उत्तर सांगायचं नाही आणि गुण द्यायचे ते 'असं का आलं' याच्या शोधाला. येत्या टर्मला मी लंबकाचाच ठेवणार आहे. कुणी आधीच करत असाल तर गुण कसे देता ते खाली लिहा, मला खरंच हवं आहे.