पश्चिमेला जाणाऱ्या विमानासमोर शहर चालून का येत नाही?

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पृथ्वी ताशी १६७० किमी वेगाने पूर्वेकडे फिरत असेल, तर लंडनहून पश्चिमेला निघालेल्या विमानासमोर न्यूयॉर्क आपणहून चालून यायला हवं. प्रत्यक्षात जाताना येण्यापेक्षा तासभर जास्तच लागतो, म्हणजे पृथ्वी फिरतच नाही. वर पुरवणी: लॉस एंजेलिसला जाणारी विमानं ग्रीनलंडवरून वळसा घेतात, आणि अंतर वाढलं की वेळ वाढतो हे शाळकरी पोरालाही कळतं.

१६७० हा आकडा विषुववृत्तावरचा. लंडनच्या अक्षांशावर तो हजाराच्या थोडा वर भरतो. पण ते जाऊ द्या. धावपट्टीवर उभं असलेलं विमान आणि भोवतालची हवा आधीपासूनच जमिनीबरोबर पूर्वेला चाललेली असतात. चाकं उचलली म्हणून तो वेग गळून पडत नाही. वारा नसताना हेलिकॉप्टर तासभर एका जागी तरंगत ठेवा, ते त्याच मैदानावर उतरेल.

जाताना जास्त वेळ लागतो, हे निरीक्षण मात्र अगदी बरोबर आहे. दोष वाऱ्याचा. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. आता हिशेब करा: अंतर सुमारे ५५४० किमी, विमानाचा हवेतला वेग ताशी ९००, वारा ताशी १००. वारा पाठीशी असेल तर साडेपाच तास, तोंडावर असेल तर जवळजवळ सात. ९ फेब्रुवारी २०२० रोजी वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या मानाने वेग ताशी १३०० किमीच्या वर गेला होता. (त्यावरून 'ध्वनीचा वेग मोडला' असंही पसरलं. नाही मोडला. विमान ज्या हवेत उडत होतं तीच धावत होती.)

गंमत म्हणजे हा वारा पूर्वेकडे वळतो तोच मुळी पृथ्वीच्या फिरण्यामुळे. उष्ण पट्ट्यातून ध्रुवाकडे निघालेली हवा वाटेत पूर्वेला झुकते. फॉरवर्डने पृथ्वी स्थिर ठरवायला जो पुरावा आणला, तो तिच्याच फिरण्याची देणगी आहे.

ग्रीनलंडचा 'वळसा' फक्त सपाट नकाशावर दिसतो. पृथ्वीगोलावर लंडन ते लॉस एंजेलिस दोरा ताणून बघा, तो ग्रीनलंडवरूनच जातो. नकाशावरची सरळ रेषा धरली तर हजारेक किमी जास्त पडतील.

राहिला शाळकरी पोराचा मुद्दा. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं, तेव्हा अंतर भरलं सुमारे १५,३०० किमी. वारा पाठीशी असल्यामुळे ते साडेचौदा तासांत उतरलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर.