पंपाला ८ मिली म्हणून ड्रोनलाही ८ मिली? अजिबात नको

काल रात्री काकांचा फोन आला. “ड्रोनवाला सकाळी येतोय. फवारणीच्या पंपाला आठ मिली औषध टाकतो, मग त्याच्या टाकीलाही आठच ना? मेसेज आलाय तसा.” तोच मेसेज माझ्याकडे तीनदा येऊन गेला होता, मी दुर्लक्ष केलं होतं. आता तो घरात शिरलाय, त्यामुळे लिहितोय.

मेसेज असा: ड्रोनने पाणी नव्वद टक्के वाचतं, म्हणून औषधही तेवढंच कमी लागतं, पंपाचंच प्रमाण टाका. अंगावर काही उडत नाही, हातमोजे-मास्कची गरज नाही. शेजारच्या शेताला धोका नाही. पंख्यांच्या वाऱ्याने पानाखालीही औषध बसतं. रोग तर ड्रोनच ओळखतो.

प्रमाणाचं आधी. औषध एकरावर ठरतं, पाण्यावर नाही! समजा, लेबलवर एकरी १०० मिली, २०० लिटर पाण्यात असं लिहिलंय. १६ लिटरच्या पंपाने साडेबारा पंप होतात, म्हणून पंपाला ८ मिली. ड्रोन तोच एकर १० लिटरच्या एका टाकीत उरकतो. त्यात ८ मिली टाकलं, तर अख्ख्या एकराला १०० च्या जागी ८ मिली मिळालं. कीड मरत नाही, आणि अशा अर्धवट मात्रेतून वाचलेल्या किडीच्या पुढच्या पिढ्या हळूहळू त्या औषधाला दाद देईनाशा होऊ शकतात. पाणी वाचतं, ते मान्य. औषध वाचत नाही.

आता मास्क. पाठीवर पंप घेऊन ओल्या पिकातून चालणाऱ्यापेक्षा ड्रोन उडवणारा लांब असतो, एवढं खरं आहे. पण टाकी कोण भरतं? १०० मिली औषध १० लिटरमध्ये म्हणजे पंपातल्यापेक्षा वीसपट दाट. ते बादलीत ढवळायचं, दर फेरीला ओतायचं, नोझल तुंबलं की खोलायचं. नोझल तोंडाने फुंकून साफ करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना ‘मास्क नको’ सांगणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ आहे.

शेजारच्या शेताबद्दल: ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०२१ मध्ये ड्रोन फवारणीवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा काढला. औषध किती वाहून जाईल, ते उडण्याची उंची, वारा आणि थेंबाचा आकार यांवर अवलंबून असतं, हे त्यात आहे. युरोपीय संघाने तर २००९ च्या निर्देशात हवाई फवारणीवर सरसकट बंदी घालून सवलत फक्त अटींवर ठेवली. बारीक थेंब वाऱ्यावर जातोच. टू-फोर-डीसारखं तणनाशक कापसावर किंवा द्राक्षावर गेलं, तर पानं आकसतात, पीक हातचं जातं.

पानाखालचं अर्धं खरं. पीक विरळ असेल तर वाऱ्याने पानं हलतात, दाट असेल तर खालची पानं कोरडीच राहतात. आणि फवारणीचा ड्रोन रोग ओळखत नाही. वेगळ्या कॅमेऱ्याचा ड्रोन पीक कुठे मलूल झालंय ते दाखवतो. पाण्याने की बुरशीने, हे बघायला शेतात उतरावंच लागतं.

काकांना फोनवरच बाटली आणायला लावली. चष्मा लावून त्यांनी एकरी प्रमाण वाचलं, दोनदा. मग हातमोजे शोधायला गेले.