ती मस्करी नव्हती, बडोदेकरांनो

खेळात वर्णद्वेषाची तक्रार कुठंही झाली की आपल्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक जुना मजकूर पुन्हा फिरायला लागतो. आशय असा: २००७ मध्ये आपल्या स्टेडियमवर लोकांनी ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हणून जरा चिडवलं, त्याचा उगाच बाऊ झाला. माकड म्हणजे आपल्याकडे मारुतीराया, त्यात अपमान कसला? आपण घरातसुद्धा एकमेकांना काळ्या म्हणतो. ज्याला मस्करी सोसत नाही त्यानं खेळू नये. आणि सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप असलेला आपला हरभजन सिंगही शेवटी सुटलाच, म्हणजे सगळं खोटंच होतं. परवा हा मजकूर माझ्या धाकट्या भावानं पाठवला, खाली "दादा, बरोबर आहे ना?" असं विचारून. बरोबर नाही.

आधी मारुतीचं बघू. ११ ऑक्टोबर २००७ला भारत १४८ धावांत आटोपला आणि ऑस्ट्रेलियानं एकच गडी गमावून सामना जिंकला. त्या सामन्यात सायमंड्सला बघून स्टँडमधून माकडाचे आवाज निघाले. मारुतीचं नाव आपण कसं घेतो, ते शनिवारी तेल घेऊन देवळाच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. 'हू हू' करून कुणी घेत नाही. आणि खरंच देव आठवला असेल, तर तो अकरा जणांतल्या एकालाच बघून का आठवला? नाबाद ७९ करणाऱ्या गिलख्रिस्टला बघून का नाही? सायमंड्सच्या जन्मदात्यांपैकी एकाचं मूळ आफ्रिकी-कॅरिबियन होतं, त्या संघात त्याचाच रंग वेगळा होता. सहा दिवसांनी वानखेडेवर पुन्हा तेच झालं. माकडासारखे हावभाव करणाऱ्या प्रेक्षकांचा तिथं फोटोच निघाला आणि पोलिसांनी काही जणांवर कारवाई केली. देवाचं नाव पुढं करून आपली चूक झाकणं मला तर मारुतीचाही अपमान वाटतो.

"आपण घरातही काळ्या म्हणतो." हो, म्हणतो. शाळेत असताना मी आमच्या क्लबाचा स्कोअरर होतो. पोलो ग्राउंडवर सामने असायचे. आमच्यात एक फार चांगला डावखुरा फिरकी गोलंदाज होता, रंगानं काळा. त्याला सगळे 'काळियो' म्हणायचे, आमच्या मराठी घरांतली मुलं 'काळ्या'. तोही हसायचा. स्कोअरबुकात मी त्याचं नाव लिहीतच नसे, 'काळू' लिहायचो. बाकी दहा जणांची आडनावं आणि मध्येच 'काळू'. एकदा त्यानं पाच बळी घेतले आणि आजीला दाखवायला म्हणून वही घरी नेली. दुसऱ्या दिवशी परत देताना एवढंच म्हणाला, "माझं नाव लिही ना रे." मी हसून टाळलं. कित्येक वर्षांनी त्याला विचारलं, तेव्हाच का बोलला नाहीस? तो म्हणाला, "बोललो असतो तर टीममध्ये ठेवलं असतं?" त्याचं हसणं हे त्या टीममधल्या जागेचं भाडं होतं, आणि आम्ही त्याला संमती समजत होतो.

वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीचंही तेच. आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला 'कालू' म्हणत. त्याला वाटायचं, ताकदवान माणसाला असं म्हणत असतील. खरा अर्थ २०२० मध्ये कळला तेव्हा तो संतापला. आणि हे फक्त परदेशी खेळाडूंचं दुखणं नाही. आपलाच कसोटीपटू अभिनव मुकुंद यानं २०१७ मध्ये जाहीर लिहिलं की लहानपणापासून रंगावरून बोलणी ऐकत आलोय.

"सोसत नसेल तर खेळू नये." मैदानावरची मस्करी मलाही हवी आहे, तिच्याशिवाय क्रिकेट अळणी. कॅच सोडणाऱ्याला "हाताला तूप लावून आलास का?" म्हणा. पॅड बांधून निघालेल्याला "चहा ठेवतो, लगेच येशील" म्हणा. तो पुढच्या चेंडूवर षटकार मारून तुमचं तोंड बंद करू शकतो. कातडी मात्र पुढच्या चेंडूवर बदलत नाही. काळ्या म्हणणाऱ्याला गोऱ्या म्हणून परतफेडही होत नाही, कारण आपल्याकडे गोरा ही शिवी नाही, लग्नाच्या जाहिरातीतली अट आहे.

हेतू वाईट नव्हता, समोरच्याला कळलंही नाही, अशी सारवासारव होते. २०१९ मध्ये डर्बनला पाकिस्तानचा कर्णधार सरफराज अहमद फेहलुक्वायोला उर्दूत 'काले' म्हणाला. दक्षिण आफ्रिकेच्या त्या खेळाडूला उर्दू कुठून कळणार? स्टंपच्या माइकनं ते जगाला ऐकवलं. सरफराजनं माफी मागितली, तरी चार सामन्यांची बंदी बसलीच. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर क्लबाच्या चौकशीत तिथला पाकिस्तानी वंशाचा खेळाडू अझीम रफीक याला 'पाकी' ही वंशावरून दिली जाणारी शिवी दिल्याची गोष्ट मित्रांमधली थट्टा म्हणून सोडून दिली गेली. तिथं तो शब्द आपल्या माणसांनाही लावतात. २०२३ मध्ये त्या क्लबाला चार लाख पौंडांचा दंड झाला. आणि जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत सिराजनं प्रेक्षकांच्या शिव्यांची तक्रार केली, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढलं, तेव्हा आपल्या ग्रुपांवर कुणी म्हटलं नाही की सिराजला मस्करी सोसत नाही.

राहिला हरभजन. सिडनीत जानेवारी २००८ मध्ये त्याच्यावर तीन कसोटींची बंदी आली. अपिलात न्यायमूर्ती हॅन्सन यांनी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही म्हणून ती उठवली आणि शिवीगाळीसाठी निम्म्या मानधनाचा दंड केला. हा निकाल मला मान्य आहे. एवढा मोठा डाग कुणावर पुराव्याशिवाय लागू नये. पण ती सुनावणी सिडनीत मैदानाच्या मधोमध झालेल्या एका बोलाचालीची होती. तिथं ऐकणारे मोजकेच होते. बडोद्याच्या स्टँडमध्ये आम्ही हजारो होतो. मी स्वतः होतो, माझ्या मागच्या रांगेतून तो आवाज येत होता, आणि मी मागं वळून एक शब्द बोललो नाही.